शेजाराचे नियम

संपदा आडिवरेकरनं शेलवण गावातल्या भांड्यांना दोन हजार तीनशे अठरा टिकल्या लावल्या. या कामात डोकं लागत नाही असं तिला सांगण्यात आलं होतं आणि तेवढ्याच कारणासाठी तिनं ते घेतलं होतं.

टिकली तांदळाच्या कणीएवढी. भांड्याच्या बुडाला चिकटवायची, घासूनही निघत नाही. प्रत्येक घराच्या चौकटीत एक बटण बसवलेलं. भांडं उंबरा ओलांडून गेलं की त्याला कळे, कुठल्या घरचं भांडं कुठल्या घरी गेलं, किती वाजता गेलं, भरलेलं की रिकामं, आणि भरलेलं असेल तर वजन साधारण किती. आत काय आहे ते मात्र कळत नसे. गावातल्या बायकांना या यंत्रात एवढीच खोट दिसली. "मग उपयोग काय त्याचा?" असं म्हणाल्या, पण टिकल्या लावू दिल्या.

सगळा खटाटोप समुद्रामुळे. गेली सहा-सात वर्षं प्रत्येक मोठ्या उधाणाला खाडीचं पाणी खालच्या आळीत माजघरापर्यंत येत होतं. गाव उचलून वर सड्यावर, कातळाच्या पठारावर, न्यायचं ठरलं. त्याआधी खाडीपलीकडची दोन गावं अशीच हलवली होती, चिठ्ठ्या टाकून घरं वाटली होती. घरं चांगली होती. नळाला पाणी होतं. पण माणसं दारं लावून बसायला लागली. म्हातारी माणसं एकामागोमाग एक गेली. एक बाई घरात पडून होती ते तिसऱ्या दिवशी कळलं, तेही दूधवाल्याला. म्हणून या खेपेस आधी वर्षभर शेजार मोजायचा आणि मग त्या हिशेबानं नवं गाव आखायचं, असं ठरलं.

संपदा गावच्या अंगणवाडीत होती, घरोघर जाणं तिला नवं नव्हतं. माणसांशी बोलायचीही, जेवढं कामाला लागेल तेवढं. अकरा वर्षांपूर्वी तिचा सहा वर्षांचा शर्विल धक्क्याच्या पायरीवरून खाडीत गेला. ती त्या दिवशी तालुक्याला प्रशिक्षणाला गेली होती आणि पोराला जावेकडे, वृषालीकडे, ठेवून गेली होती. त्या दिवसानंतर तिच्यातलं काहीतरी बंद पडलं. ती रडत नाही हे लोकांच्या लक्षात आलं. तिला चव लागत नाही हे कुणाच्याच लक्षात आलं नाही. डॉक्टरनं जीभ बघून सांगितलं, जिभेत काही दोष नाही. तेव्हापासून ती मीठ चमच्यानं मोजून घालू लागली आणि अंगणवाडीची खिचडी इतकी नेमकी होऊ लागली की संपदाच्या हाताला चव आहे असं लोक म्हणू लागले.

वृषालीशी ती बोलत नव्हती. दोघींच्या घरांत चार घरांचं अंतर. वृषाली समोरून आली तर संपदा तिच्या आरपार पलीकडचा माड बघायची. अकरा वर्षांत त्या माडाला किती झावळ्या आल्या-गेल्या हे तिनं सांगितलं असतं. वृषालीचे केस पांढरे झालेत का, हे नसतं सांगता आलं.

तर अशा संपदाला, वर्षभराची मोजणी संपल्यावरच्या एका सोमवारी सकाळी, शाळेच्या हॉलमध्ये भिंतीवर लावलेल्या नव्या गावाच्या नकाशात आपलं घर सापडलं. प्लॉट आठ. शेजारी, एकाच भिंतीनं जोडलेला आणि एकाच पडवीचा, प्लॉट सात. सातावर नाव होतं वृषाली आडिवरेकर.

खाली छापलं होतं, हरकत असल्यास शुक्रवारी सायंकाळी पाचपर्यंत कळवावी.

तिनं जहाजावर असलेल्या नवऱ्याला फोन केला. प्रमोदनं सगळं ऐकून घेतलं. "तुला पटेल तसं कर," तो म्हणाला. अकरा वर्षं त्याचं प्रत्येक गोष्टीवर हेच उत्तर होतं, आणि ती त्याला दोष देत नसे. त्याच्यातलंही काहीतरी बंद पडलं होतं, फक्त तो ते बोटीवर घेऊन गेला होता.

*

नकाशा आखणाऱ्या मुलीचं नाव ऋजुता पाटणकर. पुण्याची, तिशीतली, शाळेच्या मागच्या खोलीत संगणक मांडून बसलेली. वर्षभर गावात राहून तिला सुकट आवडायला लागली होती आणि त्याचा तिला फार अभिमान होता.

"काकू, या ना! बसा. हरकत घ्यायचीय? तुम्हाला?"

"घ्यायची की नाही ते बघायला आले. एकतीस नंबरचं घर बाराला का चिकटवलं, ते सांग."

घरांना आकडे होते, नावं नव्हती. कुठला आकडा कुणाचा हे ऋजुतालाही माहीत नव्हतं, नावं शेवटी कार्यालयात चढवली होती. आकडे दिले होते संपदानं. तिला सगळे पाठ होते, एकतीस तिचं स्वतःचं, बारा वृषालीचं, पण कुठून कुठं काय गेलं ते तिनं कधी बघितलं नव्हतं. बघावंसं वाटलंही नव्हतं.

"एकतीस आणि बारा?" ऋजुताचे डोळे चमकले. "अहो, ते तर माझं सगळ्यात लाडकं उदाहरण आहे. थांबा, पहिल्यापासून सांगते."

तिनं पडदा फिरवला. त्यावर ठिपके होते आणि ठिपक्यांना जोडणाऱ्या रेघांचं दाट जंजाळ.

"हे तुमचं गाव. ठिपका म्हणजे घर, रेघ म्हणजे जा-ये. हे असंच्या असं उचलून सड्यावर ठेवता येत नाही, जमिनीचा आकार वेगळा, वरच्या वाडीची चाळीस घरं नवी येणार. मग नक्कल करून भागत नाही. हे गाव कुठल्या नियमांनी असं वाढलं, ते शोधावं लागतं. लहान मूल कसं करतं? दोन वर्षं नुसतं ऐकतं. त्याला कुणी व्याकरण शिकवत नाही. आणि एक दिवस असं वाक्य बोलतं की जे घरात आधी कुणीच बोललेलं नसतं, तरी ते बरोबर असतं."

"हं," संपदा म्हणाली. शर्विल दोन वर्षांचा असताना काय बोलायचा हे तिला आठवेल असं वाटलं, पण आठवलं नाही.

"यंत्र तेच करतं. या जंजाळात पुन्हा पुन्हा येणारा छोटा तुकडा शोधतं. समजा तीन घरं आणि एक विहीर, असा तुकडा नऊ ठिकाणी दिसला. त्या तुकड्याला ते एक नाव देतं आणि तो सगळा तुकडा पुसून तिथं एकच ठिपका ठेवतं. मग उरलेल्या चित्रात पुन्हा शोधतं. असं करत करत शेवटी एकच ठिपका उरतो, आणि हातात नियमांची यादी. ती यादी उलटी चालवली की त्या एका ठिपक्यातून गाव उगवतं. तेच नव्हे, पण त्याचं सख्खं भावंड."

"आणि यादी चुकली तर?"

"चुकतेच. नियम फार झाले तर ती नुसती घोकंपट्टी, याच गावापुरती. फार कमी झाले तर त्यातून कुठलंही गाव उगवेल. मधलं कुठंतरी धरायचं. कमीत कमी नियमांत जास्तीत जास्त गाव." ती हसली. "तुमच्या गावचा पहिला नियम माहितेय कुठला निघाला? भांडं रिकामं परत जात नाही. शंभरातल्या सत्त्याण्णव वेळा. मला तर आधी वाटलं, टिकल्याच बिघडल्यात."

संपदाला तो नियम माहीत होता. शेजारणीचं भांडं परत करताना त्यात काहीतरी घालायचं, काही नसेल तर चिमूटभर साखर, तीही नसेल तर परसातली कढीलिंबाची काडी. हे कुणी शिकवत नाही. तिनं मांडीवरचा हात उलटा करून बघितला आणि परत ठेवला.

"बारा आणि एकतीस," ती म्हणाली.

"हो, तेच. हे बघा, बारामधून डबा निघतो तो एकोणीसला जातो. तासाभरात एकोणीसमधून दुसरा डबा एकतीसला. वजन तेच, पाच-दहा ग्रॅम इकडंतिकडं. दोन-तीन दिवसांनी एकतीसमधून एकोणीसला, आणि तासाभरात एकोणीसमधून बाराला. पुन्हा वजन तेच! वर्षभरात शहाऐंशी वेळा. एवढं नेमकं नातं अख्ख्या गावात दुसरं नाही. एकोणीस नुसतं इकडचं तिकडं करतं. यंत्राच्या हिशेबी ते घरच नाही, वाट आहे. मग यंत्रानं वाट सरळ केली. बारा आणि एकतीस शेजारी टाकले, एक पडवी दिली, आणि एकोणीस मोकळं झालं ते दवाखान्याजवळ ज्येष्ठांच्या ओळीत गेलं. छान ना?"

एकोणीस म्हणजे शेजारची कुंदाकाकी.

दर चार दिवसांनी दुपारी काकीचा डबा येई, कधी कुळथाची पिठी, कधी घावन, कधी भरली वांगी. वयाच्या एकोणऐंशीव्या वर्षी काकी आपल्यासाठी एवढं रांधते म्हणून संपदा डबा परत देताना त्यात आमसुलं घाले, भाजलेले काजू घाले, फणसाच्या दिवसांत गरे घाले. जे खाल्लं ते कशासारखं लागलं हे तिला अकरा वर्षांत एकदाही कळलं नव्हतं. कळलं असतं तर पहिल्याच घासाला हात ओळखला असता.

"काकू? काही चुकलं का?"

"नाही," संपदा म्हणाली. "यंत्रानं बरोबर मोजलंय."

*

कुंदाकाकी अंगणात सुकट निवडत बसली होती. संपदा समोर पाटावर टेकली.

"काकी, तू मला वृषालीचं रांधलेलं देतेस?"

काकीनं मान वर केली नाही. "कुणी सांगितलं?"

"यंत्रानं."

"मेलं चोंबडं."

"किती वर्षं?"

"त्यानं किती सांगितली?"

"त्यानं एकच मोजलंय."

"मग मागची दहा धर." काकीनं एक काडी बाजूला टाकली. "तुझ्याकडं चूल पेटत नव्हती गो तेव्हा. तिनं डबा आणून दिला, म्हणाली, माझं नाव सांगू नका. तिच्या डब्यावर तिचं नाव कोरलेलं, रुखवतातला डबा तो. म्हणून माझ्या डब्यात ओतला. चार दिवसांनी तू डबा परत दिलास, त्यात मूठभर आमसुलं. आता ती माझी थोडीच? मी तिला नेऊन दिली."

"तिला माहीत होतं, माझी आहेत म्हणून?"

"होतं तर."

"मग काय केलं तिनं?"

"काय करणार? आमटीत घातली." काकीनं आता वर पाहिलं. "तू काय समजलीस, उराशी धरून बसली? पहिल्यांदा रडली. नंतर आमटीत घातली. दर वेळी कोण रडतं?"

संपदाला राग यायला हवा होता. ती वाट बघत बसली. राग आला नाही, दुसरं काही आलं नाही. पाटाचा खिळा मांडीला टोचत होता, तेवढं कळत होतं.

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर खाल्लं असतंस?" काकीनं सूप खाली ठेवलं. तिचा आवाज उतरला. "आणि संपदा, ती वाटी माझी होती."

ती वाटी. त्याबद्दल त्या दोघी अकरा वर्षांत बोलल्या नव्हत्या. त्या दिवशी वृषालीकडं काकीची वाटी राहिली होती. काकीनं हाक मारली, वाटी दे गो. वृषाली शर्विलला घेऊन, वाटी घेऊन निघाली. उंबऱ्याबाहेर तिच्या लक्षात आलं, वाटी रिकामी आहे. "इथंच उभा राहा हां," असं पोराला सांगून ती आत गेली. साखर संपलेली. म्हणून नारळ फोडला, वाटीभर खोबरं खवलं. सात-आठ मिनिटं. भरतीची वेळ होती.

तेराव्याला संपदा तिला एकच वाक्य बोलली. "रिकामी दिली असतीस तर गावानं फाशी दिली असती का?" त्यानंतर आजपर्यंत काही नाही.

"मी दोनदा हाक मारली होती वाटीसाठी," काकी म्हणाली. "घाई काही नव्हती. घरात दुसऱ्या सहा वाट्या होत्या. मग तुझं तिला आणि तिचं तुला नेत राहिले. दुसरं काय करता येणार होतं मला?"

उठता उठता संपदानं विचारलं, "तुला दवाखान्याजवळ टाकलंय, बघितलंस?"

"बघितलं. यंत्र म्हणतं, मी काही करतच नाही." काकीनं पुन्हा सूप घेतलं. "खरंय ते. मी कुठं काय केलं? एका हातातनं घेतलं, दुसऱ्या हातात दिलं."

*

गुरुवारी दुपारी डबा आला. काकी दारात ठेवून आत न येताच परत फिरली. "आज ओतत बसले नाही," जाता जाता म्हणाली. "मनगट दुखतंय."

डबा पितळी कडीचा, स्टीलचा. झाकणावर ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं होतं, सौ. वृषाली. संपदाच्या लग्नाआधी दोन वर्षं वृषाली आडिवरेकरांकडं सून म्हणून आली होती आणि हे रुखवत घरात मांडलेलं संपदानं फक्त फोटोत बघितलं होतं.

आत कुळथाची पिठी होती. तिनं ताटात घेतली, भात घेतला, जेवायला बसली. पहिला घास, दुसरा घास. काहीच लागलं नाही, नेहमीसारखंच. तिसऱ्या घासाला तिला वाटलं, मीठ कमी आहे. वृषालीचं मीठ कायम कमी. सासूबाई जेवताना न बोलता मिठाचं भांडं पुढं ओढायच्या आणि वृषालीचं तोंड एवढंसं व्हायचं, मग संपदा पटकन म्हणायची, "मला असंच आवडतं हां, वहिनी." मीठ कमी असल्याचं जिभेनं सांगितलं की आठवणीनं, हे तिला ठरवता आलं नाही. तिनं वरून मीठ घेतलं नाही. सगळं जेवली.

मग डबा घासला, पुसला. हात सवयीनं आमसुलांच्या बरणीकडं गेला. झाकण उघडलं. चार आमसुलं बोटात आली. ती तिथंच उभी राहिली. किती वेळ, ते चौकटीतल्या बटणालाच माहीत. मग तिनं आमसुलं बरणीत परत टाकली, डब्याला झाकण लावलं आणि चार घरं ओलांडून वृषालीच्या दारात गेली.

वृषाली ओटीवर कपड्यांच्या घड्या घालत होती. संपदाला बघून ती उठली. उठली आणि हातातला उशीचा अभ्रा तसाच धरून राहिली.

तिचे केस पांढरे झाले होते. पुढचे सगळे.

संपदानं डबा पुढं केला. वृषालीनं तो दोन्ही हातांनी घेतला. झाकणावरचं आपलं नाव बघितलं आणि तिला कळलं की हिला कळलंय. डबा हलका लागला म्हणून तिनं झाकण उघडलं. आत बघितलं.

"रिकामा आहे," संपदा म्हणाली.

"हो."

"असा देता येतो."

वृषालीनं झाकण परत लावलं. "येतो," ती म्हणाली. आवाज तिचाच होता, फक्त म्हातारा झालेला. "मला तेव्हा कळलं नाही, संपदा."

"मलाही कळलं नसतं." हे बोलल्यावर संपदाला स्वतःचंच नवल वाटलं, कारण ते खरं होतं आणि अकरा वर्षं ते कुठं ठेवलं होतं कोण जाणे. "मीही आत गेले असते. साखर शोधायला."

पलीकडच्या घरात कुणीतरी मिक्सर लावला. तो थांबेपर्यंत दोघी उभ्या राहिल्या.

"बसतेस?" वृषालीनं विचारलं.

"नको. उद्या मी हरकत घेणार आहे."

वृषालीनं मान हलवली. तिला ते अपेक्षित होतं असं दिसलं. "घे. मी काही म्हणणार नाही."

"तुझ्यावर नाही. तुझ्या शेजारी मला राहता येईल की नाही, मला सांगता येत नाही. एका पडवीत तर नाहीच. मध्ये काकी हवी."

वृषालीनं डबा पोटाशी धरला. "हो," ती म्हणाली. "मध्ये काकी असू दे."

*

शुक्रवारी ऋजुतानं हरकतीचा कागद दोनदा वाचला.

"काकू, पण एकोणीस तिथं येतच नाही. नियमातून उगवत नाही ते घर. मी हातानं घातलं तर ते उगाचच मध्ये आल्यासारखं होईल. ते काही करत नाही ना."

"तेच करतं ते."

"काय?"

"काही करत नाही, तेच. यंत्रानं मोजलं, इकडून गेलं आणि तिकडं पोचलं. सरळ गेलं असतं का, ते त्याला कुठून कळणार? सरळ एकदाही गेलं नव्हतं."

ऋजुता पेन तोंडात धरून पडद्याकडं बघत राहिली. मग तिनं एकोणीसचा ठिपका बोटानं ओढत बारा आणि एकतीसच्या मध्ये आणला आणि यंत्राला पुन्हा नियम शोधायला लावलं. चहा गार होईपर्यंत ते चाललं. शेवटी यादीत एक ओळ वाढली. "आता ही यादी बाकीच्या वसाहतींनाही जाणार," ती म्हणाली. "अजून अकरा गावं हलायचीत. कुठंतरी दोन घरांच्या मध्ये यंत्र एक म्हातारी टाकेल आणि का, ते कुणालाच कळणार नाही."

"त्या दोन घरांना कळेल."

ऋजुतानं कागदावर शिक्का मारला. संपदा उठली, तेवढ्यात तिनं हाक मारली. "आणि काकू, एक नोंद चुकलीय. काल दुपारी, एकतीस ते बारा. सरळ. मध्ये एकोणीस नाही, आणि वजन शून्य. एकतीसमधून रिकामं भांडं वर्षभरात एकदाही गेलेलं नाही. टिकली बिघडली असेल. पुसून टाकू?"

संपदा दारात थांबली. बाहेर ऊन होतं. जिभेवर कालपासून काहीतरी होतं, कमी मिठाचं.

"नको," ती म्हणाली. "राहू दे. रिकामंच होतं."